डिस्टिलरीचा चेहरा : टॉर्मोर आणि कूल-ईलाच्या प्रकल्प नोंदी

९ फेब्रुवारी २०२५, ॲबर्डीन

कामाची चौकट आज पक्की केली. स्कॉटलंडमधल्या दोन व्हिस्की डिस्टिलऱ्या अभ्यासाला घ्यायच्या. पहिली स्पे नदीच्या खोऱ्यातली टॉर्मोर, १९५८ ते १९६० मध्ये मोकळ्या जागेवर नव्यानं उभारलेली. दुसरी आयला बेटावरची कूल-ईला, जुनी पाडून १९७२ ते १९७४ मध्ये त्याच जागी पुन्हा बांधलेली. टॉर्मोरचं १:२०० प्रमाणातलं मॉडेल, कूल-ईलाच्या स्टिल हाउसचा (ऊर्ध्वपातनाची तांब्याची भांडी, म्हणजे स्टिल, असतात त्या दालनाचा) मोठा सेक्शन, म्हणजे उभा छेद, आणि जोडीला काही शीट असा सगळा पसारा. नाशिकला आर्किटेक्चर शिकवणारी माझी मैत्रीण हे सगळं तिच्या वर्गात औद्योगिक इमारतींच्या विषयासाठी वापरणार आहे, म्हणून नोंदी मराठीत.

या दोनच का? दोन्हींमध्ये जेमतेम चौदा वर्षांचं अंतर, माल तोच, प्रक्रिया तीच, तरी एक राजवाड्यासारखी सजलेली आणि दुसरी काचेची सरळसोट पेटी. मला यातली कुठली सुंदर हे ठरवायचं नाही. दोघींसमोर प्रश्न एकच होता आणि तो कुठून आला, हे मला ड्रॉइंगमधून दाखवायचं आहे.

१६ फेब्रुवारी

प्रश्नाचं मूळ छपरात आहे. व्हिस्कीच्या बाटलीवर, पर्यटनाच्या पत्रकावर, रस्त्यावरच्या पाटीवर डिस्टिलरी म्हणून जे चिन्ह दिसतं ते पॅगोडाचं. ते टोकदार छप्पर एल्गिन गावचा वास्तुविशारद चार्ल्स डॉइग (१८५५–१९१८) यानं १८८९ मध्ये डालुएन डिस्टिलरीवर पहिल्यांदा बसवलं. त्यात सजावटीचा हेतू नव्हता. भिजवून मोड आणलेलं बार्ली किल्नमध्ये, म्हणजे वाळवायच्या भट्टीत, जाळीच्या फरशीवर पसरतात आणि खालून पीटची (दलदलीतून काढलेल्या मातीसारख्या इंधनाची) किंवा कोळशाची धग देतात. धूर वर ओढला गेला पाहिजे, पाऊस मात्र आत येता कामा नये. आधीच्या शंकूसारख्या टोप्यांपेक्षा डॉइगच्या व्हेंटिलेटरनं हे काम चांगलं केलं आणि पुढच्या काही वर्षांत तो उत्तर स्कॉटलंडभर दिसू लागला.

पण विसाव्या शतकाच्या मध्यावर बार्लीला मोड आणून वाळवण्याचं, म्हणजे माल्ट बनवण्याचं, काम डिस्टिलरीबाहेर जायला लागलं. फावड्यानं बार्ली उलटत राहायची जुनी फरशी परवडेनाशी झाली आणि मोठ्या केंद्रीय कारखान्यांत ड्रममध्ये माल्ट तयार होऊ लागलं. आयलावर पोर्ट एलनचा असा कारखाना १९७३ मध्ये सुरू झाला. डिस्टिलरीत तयार माल्ट लॉरीनं यायला लागल्यावर किल्न गेलं, आणि किल्न गेल्यावर पॅगोडाला काम उरलं नाही. जुन्या ठिकाणी तो शोभेला राहिला. नव्यानं बांधणाऱ्यांपुढे मात्र पेच उभा राहिला : ज्या आकारामुळे लोक इमारत ओळखतात तोच आकार गरजेचा राहिला नाही, तर तिला चेहरा द्यायचा कुठून?

पहिल्या शीटवर हेच येईल. डाव्या हाताला किल्नचा सेक्शन, धूर बाणानं दाखवलेला. उजव्या हाताला किल्न नसलेली डिस्टिलरी, आणि छपराची जागा कोरी ठेवलेली.

२ मार्च

रविवार असल्यानं मामाशी निवांत फोन झाला. मामा साखर कारखान्याच्या डिस्टिलरी विभागात आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झाला. तिकडचं तंत्र वेगळं, मळीपासून कॉलममध्ये सलग चालणारं. पण वाफ ती वाफच. त्याला टॉर्मोरच्या दर्शनी बाजूचं रेखाटन पाठवलं होतं. तो म्हणाला, "अगं, भिंत छान आहे, पण वाफ कुठून निघते नि कुठं थंड होते ते आधी दाखव मला. भिंत मागनं बघू."

त्याचं बरोबर आहे, म्हणून कामाचा क्रमच बदलला. आधी प्रक्रिया काढली. माल्ट दळलं जातं, मॅश टनमध्ये गरम पाण्यानं त्यातली साखर उतरते, तो गोड रस वॉशबॅक नावाच्या मोठ्या पिंपांत यीस्टनं आंबतो. मग तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये दोनदा ऊर्ध्वपातन. पहिल्या वॉश स्टिलमधून वीस-बावीस टक्के अल्कोहोल असलेलं पाणी निघतं, दुसऱ्या स्पिरिट स्टिलमधून सत्तरीच्या आसपासचं स्पिरिट. वाफ स्टिलच्या मानेतून वर चढते, आडव्या नळीतून कंडेन्सरमध्ये जाते, तिथे तिचं पुन्हा द्रव होतं, आणि तो द्रव स्पिरिट सेफ नावाच्या, पितळी चौकटीच्या कुलूपबंद काचपेटीतून वाहतो. कर बुडू नये म्हणून हे कुलूप.

इमारतीच्या दृष्टीनं यातून तीन गोष्टी निघतात. स्टिल उंच असतात आणि त्यांची मान किती उंच यावर स्पिरिट हलकं की जड हे ठरतं, म्हणून छप्पर त्यांच्या उंचीला वाकतं, उलट नाही. आत प्रचंड उष्णता असते आणि अल्कोहोलची वाफ पेट घेऊ शकते, म्हणून हवा खेळती हवी. आणि तांबं झिजतं. काही वर्षांनी स्टिलचे भाग, शेवटी अख्खं स्टिल बदलावं लागतं, म्हणजे एवढा मोठा धातूचा देह कधीतरी बाहेर काढायचाच आहे, हे गृहीत धरून भिंत किंवा छप्पर बांधावं लागतं.

९ मार्च

मॉडेलसाठी पाया पाच मिलिमीटरचा एमडीएफ, भिंतींना करडा माउंटबोर्ड, छपराला खरं तांबं, ०.१ मिलिमीटर जाडीचा पत्रा. जमिनीचा उतार कंटूर कापून. पायाचा आकार नकाशावरून घेते आहे. इंटिरिअर नाही, फक्त बाहेरचं. आतलं सगळं कूल-ईलाच्या सेक्शनमध्ये येईल.

५ एप्रिल, स्ट्रॅथस्पे

ग्रँटाउनहून ए९५ रस्त्यानं ॲबरलोरच्या दिशेला निघालं की क्रॉमडेलच्या टेकड्या एका बाजूला लागतात, आणि ॲडव्ही मागे पडल्यावर वळणावर टॉर्मोर एकदम समोर येते. गाडी बाजूला घेऊन रस्त्यावरूनच पाहिली. दुपारभर रेखाटनं केली.

या भागातल्या जुन्या डिस्टिलऱ्या दरीत, ओढ्याकाठी, झाडांच्या आड दडलेल्या. त्यांना पाणी हवं होतं, लोकांची नजर नको होती. टॉर्मोर उलट रस्त्याकडे तोंड करून उभी आहे. ग्रॅनाइट, उंच खिडक्यांची ओळ, हिरवं पडलेलं तांब्याचं छप्पर आणि मधोमध घड्याळाचा छोटा मनोरा. पुढे पाण्याचं तळं. हिवाळ्यात ते गोठलं तर त्यावर कर्लिंग, म्हणजे बर्फावर दगड सरकवायचा खेळ, खेळता यावा अशी मूळ कल्पना होती. झुडपंसुद्धा स्टिलच्या आकारात कातरलेली. घड्याळ दर पाव तासाला वेगळी स्कॉटिश धून वाजवतं, अशा चार धुना. मी थांबले होते तेवढ्यात वाजलं आणि मला मनापासून आनंद झाला. कारखान्यानं वाटेनं जाणाऱ्याला काहीतरी फुकट द्यावं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

रस्त्याकडे तोंड का, याचं उत्तर पैशात आहे. ही डिस्टिलरी लाँग जॉन या ब्लेंडेड, म्हणजे अनेक व्हिस्की मिसळून केलेल्या, व्हिस्कीसाठी बांधली गेली, आणि तिच्यामागे अमेरिकेतल्या शेन्ली कंपनीचं भांडवल होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला डॉलरची निकड होती आणि व्हिस्की अमेरिकेत खपत होती. नव्या मालकाला खोऱ्यात नुसतं उत्पादन वाढवायचं नव्हतं, आम्ही आलो आहोत हे दिसायला हवं होतं. शिवाय स्पेसाइडमध्ये, म्हणजे या स्पे खोऱ्यात, कित्येक दशकांत संपूर्ण नवी डिस्टिलरी उभी राहिलेली नव्हती. १८९८ मध्ये पॅटिसन ही व्हिस्की कंपनी कोसळली आणि व्हिस्कीचा फुगा फुटला, त्याच सुमाराला डॉइगनं इथल्या ग्लेन एल्गिन डिस्टिलरीचं काम घेतलं होतं. आता पन्नास वर्षं इथे नवी डिस्टिलरी होणार नाही, असं तो तेव्हा म्हणाल्याचं सांगतात. टॉर्मोरचं काम १९५८ ला निघालं.

१२ एप्रिल

वास्तुविशारदाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण टॉर्मोरवर होणाऱ्या बहुतेक टीकेचा रोख त्याच्यावर असतो.

सर अल्बर्ट रिचर्डसन (१८८०–१९६४). लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या बार्टलेट स्कूलमध्ये प्राध्यापक, १९४७ मध्ये ब्रिटिश वास्तुविशारदांच्या संस्थेचं रॉयल गोल्ड मेडल, १९५४ ते १९५६ रॉयल अकॅडमीचे अध्यक्ष. अभिजात शैलीचे कट्टर पुरस्कर्ते. अँप्टहिल गावातल्या त्यांच्या अठराव्या शतकातल्या घरात वीज घ्यायला त्यांनी वर्षानुवर्षं नकार दिला. जॉर्जियन काळातले कपडे ते हौसेनं घालत. अशा माणसाला ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना कारखाना काढायला दिला तर तो काय करेल, असं वाटणं स्वाभाविक आहे.

पण टॉर्मोरच्या लगेच आधी त्यांनी लंडनमध्ये फायनान्शियल टाइम्स वृत्तपत्रासाठी ब्रॅकन हाउस काढलं होतं, आणि त्यातही छापखाना होता. वृत्तपत्राच्या गुलाबी कागदाला साजेसा गुलाबी वालुकाश्म, दारावर राशीचक्राचं घड्याळ आणि त्याच्या मध्यावर सूर्याच्या जागी चर्चिल यांचा चेहरा. १९८७ मध्ये इंग्लंडमधल्या युद्धोत्तर इमारतींपैकी संरक्षित यादीत जाणारी ती पहिली ठरली. मुद्दा असा की यंत्रं असलेल्या इमारतीला नागरी प्रतिष्ठा द्यायची, तिला शहराच्या किंवा खोऱ्याच्या सार्वजनिक जीवनात बसवायचं, हा त्यांचा ठरलेला विचार होता. ब्रॅकन हाउसचं घड्याळ आणि टॉर्मोरचं घड्याळ शेजारी ठेवून पाहिली की तो सरळ दिसतो.

टॉर्मोरची थट्टा करताना "कारखान्याला राजवाड्याचा मुखवटा" असं म्हटलं जातं. मला हे पटत नाही. मुखवट्यामागे वेगळंच काही असतं. इथे उंच खिडक्या आहेत कारण आत उंच दालन आहे. आणि छप्पर तांब्याचं आहे, ज्या धातूशिवाय व्हिस्की होत नाही त्याच धातूचं. स्टिलचं तांबं वाफेतली गंधकाची संयुगं धरून ठेवतं, म्हणून स्टिल पोलादाची करून भागत नाही. रिचर्डसन यांनी तो धातू आतून उचलून छपरावर ठेवला. पॅगोडा गेल्यावर चेहरा कुठून आणायचा, या प्रश्नाचं हे एक उत्तर.

२६ एप्रिल

छपराचं काम. उघड्यावरचं तांबं आधी तपकिरी पडतं, मग कित्येक वर्षांनी हवेतल्या गंधकामुळे आणि ओलाव्यामुळे हिरवं. स्वच्छ हवेच्या खोऱ्यात हे शहरापेक्षा सावकाश होतं. मला मात्र ते एका रात्रीत हवं होतं. पत्रा बारीक सँडपेपरनं घासला, तेलकटपणा काढला, व्हिनेगर आणि मिठाचा हात दिला आणि झाकणाच्या डब्यात अमोनियाच्या वाटीजवळ, पण तिला न टेकवता ठेवला. खिडक्या उघड्या, हातमोजे, काम बाल्कनीत. सकाळी निळसर हिरवा थर आला होता. अमोनिया जास्त वेळ राहिला तर रंग फार निळा होतो, म्हणून तुकडे वेगवेगळ्या वेळी काढले. सगळ्यात आधी काढलेला तुकडा टॉर्मोरच्या रंगाच्या जवळ जातो. त्यावर मॅट व्हार्निशचा पातळ हात दिला.

शिवणींचा ताल महत्त्वाचा आहे. खऱ्या छपरावर पत्र्यांच्या उभ्या शिवणी असतात, त्यामुळे एवढा मोठा उतार डोळ्याला जड वाटत नाही. बोथट पेन्सिलनं मागच्या बाजूनं रेघा दाबून त्या उठवल्या. नुसता गुळगुळीत हिरवा पत्रा ठेवला असता तर खेळणं वाटलं असतं.

११ मे

मनोरा, चिमणी आणि तळं झालं. १९७२ मध्ये स्टिलची संख्या चारवरून आठ केली गेली. तरी रस्त्यावरून पाहताना कुठे जोड दिल्यासारखं वाटत नाही, ही मूळ मांडणीची ताकद.

३१ मे, पोर्ट ॲस्केग, आयला

केनाक्रेगहून फेरी घेतली. आयला आणि जुरा या दोन बेटांमधल्या अरुंद खाडीत बोट शिरली तेव्हा मी डेकवरच होते. पोर्ट ॲस्केगच्या धक्क्यापलीकडे, कड्याच्या पायथ्याशी, पाण्याला अगदी लागून कूल-ईला.

पाण्यावरून पाहिल्यावर तिचा अर्थ पूर्ण वेगळा लागतो. जमिनीवरून जाताना कड्यावरून उतरत येणारा रस्ता आहे, आधी छपरं दिसतात, मग व्हिस्की मुरवायचं जुनं दगडी वेअरहाउस. पण ही डिस्टिलरी १८४६ पासून समुद्राकडेच तोंड करून आहे. कोळसा, बार्ली, रिकामी पिंपं सगळं छोट्या मालवाहू बोटींनी धक्क्यावर उतरायचं. १९७० च्या दशकात नवं स्टिल हाउस आलं ते याच बाजूला. अख्खी भिंत काचेची, आणि काचेमागे ओळीनं सहा तांब्याची स्टिल. पूर्वी इथे दोनच होती.

आत गेले. स्टिल हाउसमध्ये उभं राहिलं की एका हाताला तांब्याची रांग आणि दुसऱ्या हाताला खाडी, पलीकडे जुराचे पॅप नावाचे डोंगर. काम करणाऱ्या माणसाला दिवसभर हे दिसत राहतं. कारखान्यातल्या कामगाराला सगळ्यात चांगली खिडकी मिळालेली मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे. कंडेन्सर थंड करायला समुद्राचं पाणी वापरतात, म्हणजे समोरचं दृश्य आणि आतली प्रक्रिया एकाच पाण्यावर चालतात. सेक्शनमध्ये हे पाणी निळ्या रेघेनं दाखवायचंच.

स्टिलच्या पातळीची, चालण्याच्या फळीची, काचेच्या चौकटींची मापं पावलांनी आणि नजरेनं घेतली.

१ जून, जुरा

छोट्या फेरीनं पलीकडे फिओलिन, तिथून बसनं क्रेगहाउस. जुरा डिस्टिलरी १९६३ ची, वास्तुविशारद विल्यम डेल्मे-इव्हान्स. बेटावरची वस्ती आटत चालली होती, तिथल्या दोन जमीनमालकांनी रोजगार राहावा म्हणून बंद पडलेल्या जुन्या डिस्टिलरीच्या जागी नवी उभारायचं ठरवलं. डेल्मे-इव्हान्स यांनी आधी १९४९ मध्ये टुलीबार्डिन डिस्टिलरी केली होती आणि पुढे १९६७ मध्ये ग्लेनॲलखी. ऊर्जा कमी लागावी, शक्य तिथे द्रव पंपाऐवजी उतारानं वाहावा, यावर त्यांचा भर होता. इमारती साध्या, पांढऱ्या. पण सेक्शन काढला तर त्या हुशार निघतात. यांच्यासाठी स्वतंत्र शीट करण्याचा मोह होतो आहे, तरी आवरते. चेहऱ्याच्या प्रश्नात त्यांना रस नव्हता.

१४ जून

कूल-ईलाच्या काचेच्या भिंतीमागे एक संस्था आहे. डिस्टिलर्स कंपनी लिमिटेडच्या छत्राखालच्या स्कॉटिश माल्ट डिस्टिलर्सकडे तेव्हा स्कॉटलंडमधल्या कितीतरी डिस्टिलऱ्या होत्या, आणि १९६० च्या दशकात मागणी वाढली तशी त्यांनी एकामागून एक विस्तारायला घेतल्या. मुख्य वास्तुविशारद जॉर्ज लेस्ली डार्ज. क्रेगेलाखी १९६० च्या दशकाच्या मध्यात, क्लाइनलिश १९६७-६८, मग कूल-ईला. तोच साचा : रस्त्याकडे किंवा पाण्याकडे तोंड केलेलं स्टिल हाउस, पूर्ण उंचीची काच, आत स्टिलची रांग. ग्लासगोतल्या कार्यालयाच्या पत्त्यावरून याला वॉटर्लू स्ट्रीट शैली म्हणतात.

ही शैली १९६० च्या दशकातच का शक्य झाली, हे आज सेक्शन काढताना मला नीट सुचलं, आणि या सगळ्या प्रकल्पातला हा मला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो. जुन्या पद्धतीत स्टिल थेट कोळशाच्या भट्टीवर बसायचं. त्याच्या खाली विटांचं बांधकाम, भट्टीची तोंडं, राख काढायची जागा, कोळसा टाकणाऱ्याला उभं राहायची वाट. म्हणजे स्टिलची एक बाजू कायमची काळी, जाड, बंद. वाफेच्या कॉइलनं तापवायला सुरुवात झाल्यावर आग दूर बॉयलर हाउसमध्ये गेली. स्टिलखालची भट्टी नाहीशी झाली, स्टिल फळीवर मोकळी उभी राहिली आणि एक संपूर्ण भिंत रिकामी झाली. डार्ज यांनी त्या रिकाम्या भिंतीत काच बसवली. उजेड आला, उघडणाऱ्या चौकटींतून हवा आली, आणि एवढी हलकी भिंत असली की स्टिल बदलताना ती काढणंही सोपं.

मामाला सेक्शन पाठवला. फोनवर म्हणाला, "आता कळलं बघ. आग गेली म्हणून भिंत गेली." हे वाक्य मी शीटच्या डोक्यावर घेते आहे.

म्हणजे डार्ज यांचं उत्तर असं की चेहरा शोधायला बाहेर जायची गरज नाही, स्टिलच चेहरा. रिचर्डसन यांनी तांबं छपरावर नेलं, डार्ज यांनी ते होतं तिथेच ठेवून पडदा दूर केला. मैत्रिणीचं म्हणणं, मुलांना टॉर्मोर आवडेल आणि कूल-ईला गोदाम वाटेल. वाटू दे. दिवेलागणीला आत दिवे असताना घेतलेलं चित्र आणि हा सेक्शन एकत्र पाहिल्यावर त्यांचं मत काय होतं ते बघू.

२९ जून

वेअरहाउसचं शीट. डिस्टिलरीच्या जागेपैकी सगळ्यात जास्त जागा यांचीच असते आणि यांच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. कायद्यानं स्कॉच किमान तीन वर्षं ओकच्या पिंपात राहिली पाहिजे, प्रत्यक्षात कितीतरी जास्त राहते. दर वर्षी साधारण दोन टक्के हवेत उडून जाते.

जुनं वेअरहाउस बुटकं, जाड दगडी भिंतींचं, मातीची जमीन, पिंपं एकावर एक तीन थर. आत दमट आणि बारा महिने जवळपास सारखं तापमान. युद्धानंतर आली ती उंच, पोलादी मांडण्यांची, काँक्रीटच्या जमिनीची, पत्र्याच्या छपराची. जागा वाचली, फोर्कलिफ्ट फिरू लागला. दोन्हींच्या भिंती मात्र काळ्या. उडून जाणाऱ्या अल्कोहोलवर जगणारी एक बुरशी आहे, बॉडोइनिया, ती भिंतींवर, झाडांच्या खोडांवर, कुंपणावर काजळीसारखी चढते. माझ्या मॉडेलवर वेअरहाउसना मी मुद्दाम कोळशाची पूड चोळली. स्वच्छ वेअरहाउस खोटं दिसतं.

याच शीटवर २८ मार्च १९६० ही तारीख येणार. टॉर्मोर पूर्ण होत होती त्याच वर्षी ग्लासगोच्या चीपसाइड स्ट्रीटवरच्या व्हिस्कीच्या बाँडेड गोदामाला, म्हणजे कर भरेपर्यंत माल ठेवायच्या गोदामाला, आग लागली. पिंपं फुटली, वाफेचा स्फोट झाला आणि उंच भिंती रस्त्यावर कोसळल्या. अग्निशमन दलाचे १४ आणि माल वाचवणाऱ्या पथकाचे ५ असे १९ जण गेले. गोदाम शहराच्या दाट वस्तीत होतं. डिस्टिलरीच्या आवारात वेअरहाउसमध्ये सोडलेलं अंतर, मोकळी गवताची पट्टी, हे पाहताना कुणाला वाटतं की केवढी जागा वाया घालवली. ती वाया गेलेली नाही. शीटवर ते अंतर मी लाल रंगानं भरलं आहे.

२० जुलै

टॉर्मोरच्या घरांनी मॉडेलचा कोपरा व्यापला आहे आणि एका पाहुण्यानं आज विचारलं की ही काढून टाकली तर मुख्य इमारत उठून दिसेल ना? काढणार नाही. कामगारांची घरं हा रिचर्डसन यांच्या मांडणीचा भाग आहे, नंतरची भर नाही. खोऱ्यातल्या डिस्टिलऱ्या गावापासून दूर. माणसं आवारातच राहायची, आणि त्यांच्यात अबकारी खात्याचा अधिकारीही असे. वेअरहाउसच्या दाराला दोन कुलपं, एक डिस्टिलरीचं, एक त्याचं. दोघं आल्याशिवाय दार उघडायचं नाही. ही पद्धत १९८० च्या दशकात संपली. त्यामुळे डिस्टिलरी म्हणजे कारखाना अधिक वस्ती, हे समीकरण शतकभर जुनं होतं. टॉर्मोरनं फक्त त्या वस्तीला इमारतीच्या तोडीचं रेखाटन दिलं. घड्याळाच्या धुना वाटसरूंना कधीतरी ऐकू येतात, या घरांत राहणाऱ्यांना रोज यायच्या.

कूल-ईलाकडे हे उरलेलं नाही. तिथलं बरंचसं स्पिरिट टँकरनं मुख्य भूमीवर मुरायला जातं. काचेची भिंत सुंदर, पण आवार माणसांनी कमी भरलेलं. तुलना करायची तर इथे टॉर्मोरचं पारडं जड आहे आणि ते मी मजकुरात स्पष्ट लिहिलं.

३ ऑगस्ट

शीट छापून आली. क्रम : किल्न आणि कोरं छप्पर, टॉर्मोरची रस्त्याकडची बाजू, आग गेलेला सेक्शन, वेअरहाउस आणि अंतर, वस्ती. मॉडेल दोन तुकड्यांत सुटं होतं, छप्पर वेगळ्या पेटीत, कारण हिरवा थर घासला तर उडतो.

शेवटच्या शीटवर पुढचं काय, यासाठी जागा ठेवली होती. तिथे २०१८ ची नवी मॅकॅलन डिस्टिलरी घेतली. रॉजर्स स्टर्क हार्बर या वास्तुविशारद कंपनीची, गवत उगवलेल्या लाटांसारख्या छपराची, आणि तिचंही एक अंग पूर्ण काचेचं, आत तांबं दिसणारं. तिचं कौतुक होताना डार्ज यांचं नाव फारसं कानावर येत नाही, म्हणून त्या चित्राशेजारी क्रेगेलाखीचं स्टिल हाउस त्याच प्रमाणात काढून ठेवलं. दोन्ही जागा एकमेकींपासून काहीच मैलांवर आहेत. मुलं मोजून पाहतील.

टॉर्मोर संरक्षित इमारतींच्या यादीत आहे आणि २०२२ पासून नव्या मालकाकडे, त्यामुळे तिची मला फार काळजी नाही. काळजी वाटते ती काचेच्या पेट्यांची. काच बदलताना चौकटी जाड करणं, ऊर्जा वाचवायला अर्धी काच बुजवणं, पाहुण्यांसाठी समोर मंडप घालणं, यातलं प्रत्येक काम एकेकटं पाहिलं तर समजण्यासारखं आहे, आणि सगळी मिळून भिंत पुन्हा बंद करतात. पुढचं काम म्हणून क्रेगेलाखीच्या काचेच्या चौकटीचं १:५ डिटेल हाती घेते. मैत्रिणीनं तिच्या विद्यार्थ्यांपैकी दोघांना या कामात घ्यायचं कबूल केलं आहे. त्यांना आधी कंडेन्सरचा सेक्शन काढायला सांगितला आहे, भिंत नंतर.